परीक्षकच हसत बसला तर तपासायचं कोणी?



मागचे दोन लेख मुगाच्या पापडांवर आणि चातुर्मासातल्या स्वयंपाकावर झाले. आज विषय एकदम टीव्हीचा आहे, त्यातही विनोदाच्या स्पर्धांचा. पण हा विषय घरातलाच आहे. आपल्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यानंतर झोपेपर्यंत तीन तास हाताशी राहतात. जाप, स्वाध्याय करणाऱ्या आहेत, त्यांना नमस्कार. बाकीच्या घरांत ते तीन तास टीव्हीला जातात, आणि आजेसासऱ्यांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं म्हटलं की विनोदी कार्यक्रमच लागतो. रडक्या आणि कारस्थानी मालिकांपेक्षा हे बरं, असं मी नेहमी म्हणते, आजही म्हणते.

माझी तक्रार विनोद करणाऱ्यांबद्दल नाही. अनोळखी माणसांसमोर एकट्याने उभं राहून पाच मिनिटांत त्यांना हसवायचं, हे काम सोपं नव्हे. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी पुढच्या लग्नात माईक हातात घेऊन बघावा. माझी तक्रार आहे ती बाजूच्या मोठ्या खुर्चीबद्दल, म्हणजे परीक्षकाच्या खुर्चीबद्दल. गेल्या वीस वर्षांत त्या खुर्चीतला माणूस परीक्षक राहिला नाही, तो पगारी हसणारा झाला. कशावर हसायचं आणि कशावर नाही, हे सांगण्यासाठी ती खुर्ची होती. आता तिथून फक्त टाळ्या येतात, आणि आपली लेकरं त्या टाळ्यांवरून शिकतात.

ही खुर्ची आपल्या जिल्ह्याला चांगली ओळखीची आहे. २००५ साली स्टार वन वाहिनीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झालं. शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू परीक्षक होते. त्या पहिल्या वर्षीचा विजेता सुनील पाल. जन्म हिंगणघाटचा, शाळा आपल्या बल्लारपूरची. वडील रेल्वेत होते, बदलीमुळे कुटुंब मुंबईला गेलं आणि तिथे या मुलाने चहाच्या दुकानातही काम केलं. ‘रतन नूरा’ हा त्याचा दारुडा तुम्हाला आठवत असेल. बल्लारपूरच्या शाळेतला मुलगा देशात पहिला आला, याचं आपल्याकडे किती कौतुक झालं होतं! दुसरा एहसान कुरेशी आला आणि तिसरा राजू श्रीवास्तव. सप्टेंबर २०२२ मध्ये राजू श्रीवास्तव गेले तेव्हा सगळा देश हळहळला, त्यांचा क्रमांक तिसरा होता हे कोणाच्या लक्षातही नव्हतं. म्हणजे क्रमांकाने कलावंताचं सगळं ठरतं असं नाही. पण तेव्हा निदान क्रमांक लागत होते, कोणी घरी जात होतं, कोणी पुढे जात होतं.

पुढे काय झालं बघा. त्याच स्पर्धेत २००७ साली कपिल शर्मा जिंकला. मग त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात सिद्धूंसाठी एक मोठी खुर्ची मांडली गेली. आता तिथे स्पर्धा नव्हती, गुण द्यायचे नव्हते, कोणाला घरी पाठवायचं नव्हतं. खुर्चीत बसून हसायचं, शेर म्हणायचे, टाळी ठोकायची. २०१९ मध्ये सिद्धू गेले आणि अर्चना पूरणसिंग आल्या. त्यांनीही आधी ‘कॉमेडी सर्कस’मध्ये परीक्षकाचं काम केलेलं. बसून हसण्याचे पैसे मिळतात, यावरून त्या कार्यक्रमात त्यांची कितीदा थट्टा झाली असेल, मोजता येणार नाही. त्याही हसून घेतात. पण ती थट्टा नाही, ते त्या खुर्चीचं खरं वर्णन आहे. परीक्षेचं काम काढून घेतलं, हसण्याचं तेवढं ठेवलं.

मराठीतही तीच वाट दिसते. झी मराठीच्या ‘फू बाई फू’मध्ये निर्मिती सावंत परीक्षक होत्या, पुढे स्वप्नील जोशी आले. २०१८ पासून सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू आहे, तिथे प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर बसू लागले. ही सगळी कसलेली माणसं आहेत. कुठला पंच दोन सेकंद उशिरा पडला, कुठे लेखन संपलं आणि नुसता आरडाओरडा सुरू झाला, हे त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. म्हणूनच वाईट वाटतं. मी जे भाग पाहिले त्यांत स्किट चांगलं झालं तरी उभं राहून कौतुक, बेताचं झालं तरी कौतुकच. समीर चौघुले यांचं जमून आलेलं पात्र, नम्रता संभेराव यांची लॉली, हे ऐकतानाच आपण उठून बसतो. त्यांच्या कौतुकाला माझा मुळीच विरोध नाही. पण रोजच्याला आणि अफाटाला एकच माप लावलं तर अफाट काम करणाऱ्याचं नुकसान होतं, आणि नवीन मुलाला आपलं काय चुकलं ते कळतच नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई आहे. नोकरी केली नाही, पण ऑडिटिंगचा पेपर अजून डोक्यात आहे. त्यात एक जुना इंग्लिश खटला शिकवायचे, १८९६ सालचा. न्यायाधीशांनी म्हटलं त्याचा अर्थ असा, की ऑडिटर हा राखणदार कुत्र्यासारखा असतो, माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यासारखा नाही. म्हणजे त्याने प्रत्येकावर संशय घेत फिरू नये, पण समोर चुकीचं दिसलं तर भुंकलंच पाहिजे. आणखी एक शिकवायचे, की कंपनीचा नोकर त्याच कंपनीचा ऑडिटर होऊ शकत नाही. आणि तिसरं असं, की हिशोबात खोट दिसली तर सही करताना तसा शेरा लिहावा लागतो. वर्षानुवर्षं एकही शेरा न मारता सही करणारा ऑडिटर असेल, तर एक तर कंपनी देवमाणसांची आहे किंवा ऑडिटर वही उघडतच नाही.

टीव्हीवरच्या परीक्षकाला हे तिन्ही नियम लावून बघा. त्याला पैसे वाहिनी देते, स्पर्धकालाही वाहिनीच देते. कार्यक्रम चालला तर दोघांचंही चालतं. मग शेरा मारणार कोण? त्याच्या हसण्याचा चेहरा संकलनात कुठेही जोडता येतो. हसण्याचा आवाज वरून लावायचं यंत्र तर अमेरिकेत १९५० च्या दशकातच आलं, चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने ते बनवलं होतं. आपण सोफ्यावर बसून ज्याच्या जोडीने हसतो ते हसणं त्या विनोदाला आलेलं आहे की दुसऱ्याच कुठल्या, हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

अमेरिकेत २००४ साली याची जाहीर चर्चाच झाली. ‘लास्ट कॉमिक स्टँडिंग’ नावाची एन.बी.सी. वाहिनीवरची स्टँड-अपची स्पर्धा होती. ड्र्यू कॅरी आणि ब्रेट बटलर हे नावाजलेले विनोदवीर परीक्षक म्हणून बसले होते. अंतिम स्पर्धकांची नावं जाहीर झाली तेव्हा त्यांना धक्का बसला, कारण त्यांनी दिलेल्या मतांवर ती निवड झालेलीच नव्हती. निवडीत निर्मात्यांचा आणि वाहिनीचा हात होता. दोघांनीही नाराजी उघडपणे बोलून दाखवली. मला त्यांचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की आपली सही दुसऱ्याच्या हिशोबाखाली वापरली गेली हे त्यांना सहन झालं नाही. आपल्याकडे कोणत्या परीक्षकाने असं कधी बोलून दाखवलं? मला तर कोणी आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वाहिनीवाले काही बघतच नाहीत असं थोडंच आहे? बघतात ना. कात्री त्यांच्याकडे आहे आणि चांगली धारदार आहे. २०१७ साली ‘लाफ्टर चॅलेंज’ पुन्हा सुरू झालं, अक्षय कुमार मुख्य परीक्षक होते. राजस्थानच्या श्याम रंगीला नावाच्या तरुणाने पंतप्रधानांची नक्कल केली. ती प्रसारित झाली नाही. ती चित्रफीत बाहेर पडली आणि मोबाइलवर देशभर फिरली, आपल्याही ग्रुपवर आली होती. त्याच मंचावर सहकारी परीक्षक मल्लिका दुआ घंटा वाजवायला निघाल्या, तेव्हा मुख्य परीक्षक त्यांना उद्देशून एक दुहेरी अर्थाचं वाक्य बोलले. मी ते इथे लिहीत नाही. त्यांच्या वडिलांनी, पत्रकार विनोद दुआंनी, जाहीर आक्षेप घेतला. अक्षय कुमार यांच्या पत्नीने, तो शब्द सेटवर सर्रास वापरला जातो, असं सांगून बाजू घेतली. सर्रास वापरला जातो, हाच तर मुद्दा आहे. सत्ताधाऱ्याची नक्कल म्हटलं की कात्री निघते. बाईला खाली दाखवणारं वाक्य म्हटलं की सगळे म्हणतात, अहो, विनोद आहे.

आणि परीक्षक गप्प राहिला की काय होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण पाहिलं. ‘इंडियाज गॉट लेटेंट’ हा टीव्हीवरचा नव्हे, इंटरनेटवरचा कार्यक्रम. पण तिथेही समोर स्पर्धक आणि बाजूला परीक्षकांची रांग होती. त्या रांगेतल्या एकाने स्पर्धकाला आईवडिलांबद्दल असा काही प्रश्न विचारला की ऐकवत नाही. शेजारी बसलेले हसले. त्यानंतर महाराष्ट्रात आणि आसामात पोलिसांत गुन्हे नोंदले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पोलिसांत जा म्हणणाऱ्यांमध्ये मी नव्हते. विनोद चांगला की वाईट हे पोलिसांनी ठरवावं, यासारखी वाईट गोष्ट नाही. आज घाणेरड्या विनोदासाठी गेले ते उद्या पुढाऱ्यावरच्या विनोदासाठी जातील. पण त्या रांगेत एकाने जरी म्हटलं असतं, की हे नको, हे विनोदात बसत नाही, तर पुढचं रामायण टळलं असतं. परीक्षक आपलं काम सोडतो तेव्हा ते काम भलत्याच माणसाच्या हातात जातं.

हे सगळं लांब मुंबईत चालतं असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका महिला मंडळाने हास्यस्पर्धा ठेवली होती. मंडळाचं नाव सांगत नाही. टीव्हीवर असतं तसंच सगळं केलं होतं, दोन खुर्च्या, टेबलावर घंटी, मागे झगमगता पडदा. एका खुर्चीत मला बसवलं. पंधरा स्पर्धक होते. त्यांतल्या चौघांनी जाड बायकोवरचे विनोद केले, दोन दादांनी साडी नेसून ठुमके मारले, आणि तिघांनी मोबाइलवर आलेले चुटके जसेच्या तसे म्हणून दाखवले. मग अकरा वर्षांची एक मुलगी आली. तिने घरकामाला येणाऱ्या बाईची नक्कल केली. लुगडं वर खोचलेलं, गालात खर्रा, आणि बोली झाडीची. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं, सभागृह हसलं. ‘डोळा’चा ‘डोरा’ झाला, सभागृह पुन्हा हसलं. ती बाई त्या स्किटमध्ये बोलत काय होती? लेकराला ताप आहे म्हणून सुटी मागत होती आणि दोनशे रुपये पगारवाढ मागत होती. यात हसण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. दाराशी चहाचे ट्रे घेऊन दोन बाया उभ्या होत्या, कार्यक्रमाच्या कामासाठी आलेल्या. त्यांची बोली तीच. त्याही हसल्या. न हसून जातील कुठे?

माझ्या शेजारच्या परीक्षक ताईंनी दहापैकी दहा दिले. मी सादरीकरणाचे पूर्ण दिले आणि लेखनाला शून्य दिलं. माईक हातात होता म्हणून मुलीला सांगितलं, ‘बेटा, तुझा आवाज छान आहे, कुठे थांबायचं ते तुला कळतं. आता घरी जाऊन दुसरं लिही. त्यात ही मावशी आपल्या गावी गेली आहे आणि तिथल्या बायांना तुमच्या घरातल्या माणसांची नक्कल करून दाखवते आहे.’ मुलगी क्षणभर विचारात पडली आणि मग खुदकन हसली. तिला कळलं. तिच्या आईला मात्र राग आला. शेवटी संयोजक बायांनी सगळ्यांना पहिलं बक्षीस देऊन टाकलं, कोणाचं मन नको दुखायला म्हणून. दाराशी उभ्या असलेल्या दोघींच्या मनाचं कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की अकरा वर्षांच्या हुशार मुलीला आपण शिकवलं, की गरिबाची भाषा नुसती बोलून दाखवली की टाळी मिळते, डोकं चालवायची गरज नाही.

याच मुलीला मी वडशाला घेऊन गेले असते. देसाईगंज-वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या रंगभूमीचं गाव. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत नाटकं लागतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. लेकी-जावयांना आवतण जातं, शेतात रंगमंच उभा राहतो, आणि थंडीत कानाला मफलर गुंडाळून माणसं उजाडेपर्यंत बसतात. या रंगभूमीवर विनोदी नटाचं स्थान फार मोठं आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ते विनोदी भूमिकांसाठीच गाजलेले. आठशेच्या वर भूमिका आणि पाच हजारांच्या आसपास प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. इतक्या रात्री त्यांची परीक्षा झाली, पण कोणी मोठ्या खुर्चीत बसून घेतली नाही. समोरच्या माणसाने घेतली. विनोद पडला की तो उठून चहा प्यायला जातो, इतकं ते सोपं असतं.

झाडीपट्टीचे प्रेक्षक सगळे सज्जन आणि नाटकं सगळी सोज्वळ, असं मी म्हणणार नाही. दुहेरी अर्थाच्या वाक्याला तिथेही शिट्टी पडते, आणि नाटकात नाच किती घुसवायचे यावर तिथली जुनी माणसंही कुरकुरतात. पण एक गोष्ट तिथे होऊ शकत नाही. तिथे बोलीवर हशा मिळत नाही. समोर बसलेले सगळेच ‘पानी’ आणि ‘डोरा’ म्हणणारे, मग हसतील कशाला? त्यामुळे नटाला खरं काहीतरी शोधावं लागतं. सरपंचाची लबाडी, जावयाचा रुबाब, सावकाराची गोड भाषा, बायकोला घाबरणाऱ्या पहिलवानाची धांदल. विनोद माणसाच्या वागण्यात शोधावा लागतो.

मला वाटतं परीक्षकाने हातात धरावी अशी ही चांगली कसोटी आहे. ज्याची नक्कल करता, त्याच्या गावात त्याच्या माणसांसमोर हाच प्रवेश केला तर ते हसतील का? हसले तर विनोद खरा. नाही हसले तर तुम्ही विनोद केला नाही, फक्त आपल्या माणसांना सांगितलं की तो आपल्यापेक्षा खालचा आहे. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’मध्ये वऱ्हाडी बोलत, आणि आपण विदर्भातली माणसंही पोट धरून हसत होतो. का? कारण त्यांचं जमतं तेव्हा वऱ्हाडी बोलीवर हसू येत नाही, त्या माणसाच्या आळसावर आणि बेरकेपणावर हसू येतं. तीच बोली दुसऱ्याच्या तोंडी नुसती हेल काढून आली की आपल्याला टोचते. ऐकणाऱ्याला हा फरक कळतो. परीक्षकाने तो शब्दांत मांडायचा असतो, त्यासाठी त्याला तिथे बसवलेलं आहे.

काही सख्या मला म्हणतात, ताई, जैनांना विनोदाचं वावडंच. आपल्याकडे हास्याला नोकषायात घातलं आहे, मग तुम्ही गुण कसले देता? खरं आहे, नऊ नोकषायांत पहिलं नाव हास्याचंच. पण तो मार्ग साधूंचा आहे. आपण घरगृहस्थीतली माणसं, आणि आपल्यासाठी शास्त्राने फार बारकाईने भेद सांगितले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनर्थदंडविरमण व्रताचे अतिचार वाचा. पहिले तीन आहेत कंदर्प, कौत्कुच्य आणि मौखर्य. कंदर्प म्हणजे कामविकाराची भाषा घालून केलेली थट्टा. कौत्कुच्य म्हणजे त्याच थट्टेला अंगविक्षेपाची जोड. मौखर्य म्हणजे विचार न करता चालवलेली बडबड. आता डोळ्यांसमोर आजचा कुठलाही विनोदी कार्यक्रम आणा. दुहेरी अर्थ, साडी नेसून मारलेले ठुमके, आणि मधली जागा भरायला आरडाओरडा. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांनी गुणपत्रिकेतले वजा गुणांचे रकानेच आखून ठेवले आहेत. त्यांनी निरर्थक हसवण्याला नाव ठेवलं आहे. माणसाच्या वागण्यावर बोट ठेवून, त्याला त्याचंच रूप दाखवून केलेला विनोद या तिन्हींत बसत नाही.

आणि आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन दरवाजे सांगितले आहेत. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मान डोलावली, कर्म तिन्ही दरवाज्यांनी येतं. मंचावरचा कलाकार करतो, वाहिनी करवते, आणि अनुमोदना कोणाची? खुर्चीतल्या परीक्षकाची आणि सोफ्यावरच्या आपली. म्हणून ‘मी कुठे काय केलं, मी फक्त हसलो’ हे उत्तर टीव्हीवरच्या परीक्षकाला चालत असेल, आपल्याला चालत नाही.

दुसरा आक्षेप येतो तो असा, की कडक बोललं तर नवीन पोरं खचतात. मला हे पटत नाही. अपमान करणं वेगळं आणि तपासणं वेगळं. गाण्याच्या स्पर्धेत सूर लागला नाही तर परीक्षक सांगतो, कोणत्या ओळीत, कोणत्या जागी ते सांगतो. त्याने कोणी खचत नाही, पुढच्या आठवड्यात सुधारून येतो. मग विनोदवीरालाच का लाडाने बिघडवायचं? चांगल्या परीक्षकाने एवढं सांगावं: तुझी सुरुवात छान होती, मधला भाग तू कुठूनतरी उचलला आहेस, आणि शेवट सुचला नाही म्हणून तू शेजारणीच्या अंगाबांध्यावर गेलास. हे तीस सेकंदांत सांगून होतं. उभं राहून टाळ्या वाजवायलाही तेवढाच वेळ लागतो.

विनोदाचं मंच लहानसहान समजू नका. पंजाबचे मुख्यमंत्री भगवंत मान याच लाफ्टर चॅलेंजमध्ये सिद्धूंपुढे स्पर्धक म्हणून उभे राहिले होते. मार्च २०२२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी हरवलेल्या काँग्रेसचे तिथले प्रदेशाध्यक्ष सिद्धूच होते. ज्यांना आपण हसून सोडून देतो ती माणसं उद्या राज्य चालवतात. आज त्यांना कशावर टाळी मिळते हे महत्त्वाचं नाही, असं कसं म्हणता येईल?

नुसती टीका करून लेख संपवणं मला आवडत नाही. मी एक गुणपत्रिका केली आहे. घरात लेकरांबरोबर बघताना वापरा, आणि पर्युषणात, महावीर जयंतीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिथे जिथे हास्यस्पर्धा होतात तिथेही वापरा.

एकूण गुण शंभर. निरीक्षणाला तीस, म्हणजे माणूस, प्रसंग, वागणं किती नेमकं टिपलं. लेखन स्वतःचं असल्याचे पंचवीस. मोबाइलवरचा चुटका म्हटला तर इथे शून्य, कारण ते दुसऱ्याचं आहे आणि अचौर्य आपण लेकरांना पाठ करून घेतो. सादरीकरण आणि वेळ साधणं, पंचवीस. आणि ‘कोणावर हसवलं’ याला वीस. स्वतःवर, आपल्यासारख्यांवर किंवा आपल्यापेक्षा मोठ्यावर हसवलं तर पूर्ण. जो उलट उत्तर देऊ शकत नाही अशा कोणाच्या शरीरावर, रंगावर, तोतरेपणावर, बोलीवर किंवा गरिबीवर हसवलं तर शून्य. आमच्या कॉमर्सच्या परीक्षेत एकूण गुण कितीही असले तरी प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागायचं. इथेही तसंच ठेवा. या शेवटच्या रकान्यात नापास झालेल्याला बक्षीस नाही, बाकीचे ऐंशी पूर्ण मिळाले तरी नाही.

आणि परीक्षक नेमताना स्पर्धकाची मावशी, आत्या, काकू नको. बाहेरच्या तालुक्यातली कोणी बोलवा. शाळेतल्या मराठीच्या बाई, झाडीपट्टीत काम केलेली एखादी नटी, भाषेचा कान असलेली कोणीही. एक खुर्ची अशा बाईला द्या जी रोज झाडीबोली बोलते. मानधनाचे पाकीट कार्यक्रमाच्या आधी द्या, म्हणजे निकालाचा त्याच्याशी संबंध राहणार नाही. प्रत्येक स्पर्धकाला एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट माईकवर सांगायचीच, असा नियम करा. सगळ्यांना पहिलं बक्षीस, हा प्रकार बंद.

टीव्हीवाल्यांना आपण बदलू शकत नाही, पण रिमोट आपल्या हातात आहे आणि मंडळाची खुर्चीही आपल्याच हातात आहे. ज्यांना ही गुणपत्रिका छापील हवी असेल त्यांनी कळवा, आमच्या सूनबाईंनी ती नीट रकाने आखून टाइप करून ठेवली आहे. पुढच्या वेळी पुन्हा स्वयंपाकघराकडे वळू, कोवळ्या तुरीच्या दाण्यांचे दिवस आलेच आहेत.

जय जिनेंद्र.